मूळचे कोण?

‘तुम्ही कधी झालात?’ हा प्रश्न मला ऑफिसात, भाड्याचं घर बघताना, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंडात कापसाचा बोळा असताना विचारला गेला आहे. झालात म्हणजे ख्रिश्चन झालात. मी सांगते, मी झाले नाही, माझे पणजोबा झाले. समोरचा मान डोलावतो, जरा थांबतो आणि मग खरा प्रश्न येतो. ‘अच्छा, मग मूळचे कोण?’

विचारणाऱ्याचाही नाइलाज असतो म्हणा. माझं नाव जुन्या करारातलं, आडनाव नगर जिल्ह्यात गावोगावी सापडणारं. अंगावर साडी, मंगळसूत्रात वाट्यांच्या मधोमध बारकासा क्रूस. जेवणात बाजरीची भाकरी, बोलण्यात ‘काय करू राह्यले’. अशा बाईला कुठल्या कप्प्यात ठेवायचं हे लोकांना कळत नाही. मलाही बरीच वर्षं कळत नव्हतं.

शाळेत मराठीच्या बाईंनी एकदा वर्गात विचारलं होतं, मराठी ख्रिस्ती म्हटलं की कोण आठवतं? पोरांनी पटापट नावं घेतली: रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई. बाबा पदमनजींचं नाव बाईंनी स्वतः सांगितलं. मग सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला, जणू ही सगळी माझी चुलतमावस मंडळी. मला भारी वाटलं, खोटं का बोला. पुढे मोठी झाल्यावर लक्षात आलं की त्या यादीत माझ्या घरासारखं एकही घर नव्हतं. टिळक चित्पावन, रमाबाई ब्राह्मण शास्त्र्याची मुलगी, पदमनजीही गावकुसाच्या आतलेच. त्यांनी धर्म बदलला तेव्हा गदारोळ झाला, घरं तुटली, वर्तमानपत्रांत रकाने भरले. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय आभाळ कोसळलं ते मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. त्याच काळात, आमच्या नगर जिल्ह्यात महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली घरंच्या घरं बाप्तिस्मा घेत होती. त्यांच्या घरात काय झालं हे कुणी लिहून ठेवलं नाही. लिहिणार कोण? त्यांच्यातले निम्मे तेव्हा कुठे अक्षर गिरवायला बसले होते.

टिळकांवर माझा राग नाही, उलट जीव आहे. त्यांची भजनं ऐकतच मी वाढले. पप्पा शनिवारी संध्याकाळी पेटी काढून बसायचे आणि ‘उपासना संगीत’ या भजनांच्या पुस्तकातलं पान न बघता चार-चार भजनं म्हणायचे. टिळक काही काळ राहुरीला राहत होते, आमचं गाव त्याच तालुक्यातलं, त्यामुळे घरात त्यांचं नाव शेजाऱ्याचं घ्यावं तसं घेतलं जाई. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत. फार सुंदर आहे ते, आणि त्यांच्यापुरतं शंभर टक्के खरं आहे. पण आमचे पणजोबा गावचे येसकर, वेशीची राखण करणारे. त्यांना त्या पुलावर पाऊल कोण ठेवू देणार होतं? ते नदीतून आले, नाकातोंडात पाणी घेत.

अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं. आमच्या गावात त्यांचं काम पोचायला आणखी किती तरी वर्षं गेली. पणजोबांचा बाप्तिस्मा १८९९-१९०० च्या दुष्काळानंतरचा, एवढं घरात सगळे सांगतात. त्यामुळे ‘पोटासाठी झाले’ हा टोमणा आम्हाला वारशात मिळालेला आहे. कॉलेजात एका मुलाने तो तोंडावर मारला होता तेव्हा मी तावातावाने भांडले होते. आता कुणी म्हणालं तर म्हणते, असेल बाबा. दुष्काळात पोट सगळ्यांनाच होतं, आणि भाकरी ज्याच्या घरी मिळाली त्याच्या देवाविषयी माणूस चौकशी करणारच. पण दुष्काळ सरला, मिशनचं धान्य सरलं, आणि पणजोबा देवळात जातच राहिले. (आमच्याकडे चर्चला जुनी माणसं देऊळच म्हणत.) तराळकी म्हणजे गावकीची कामं सुटली, गावापुढे वाकून जोहार घालणं सुटलं, त्याबद्दल मारही खाल्ला. पोटासाठी आलेला माणूस पोट भरल्यावर मार खायला थांबत नाही.

मिशनच्या मास्तरांनी त्यांना वाचायला शिकवलं तेव्हा ते बाप्या माणूस होते. आजी, म्हणजे त्यांची सून, सांगायची की मामंजींना मनातल्या मनात वाचता येत नसे. ओळीखाली बोट धरून, मोठ्याने, एकेक अक्षर जोडत ते शुभवर्तमान वाचायचे, त्यामुळे सगळ्या आळीला कळायचं आज म्हातारा कुठपर्यंत आलाय. जोडाक्षर आलं की थांबायचे, खाकरायचे, पुन्हा मागल्या शब्दापासून. आजी स्वतः निरक्षर. तिला जे पाठ होतं ते सगळं त्या मोठ्याने वाचण्यातून.

तिची सगळ्यात आवडती गोष्ट शोमरोनी बाईची. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. येशू दमून विहिरीपाशी बसलाय, भर दुपार, पाणी भरायला एक शोमरोनी बाई येते आणि तो म्हणतो, मला प्यायला दे. ती चपापते, कारण यहूदी माणूस शोमरोन्यांशी तसला संबंध ठेवत नसे. रविवारच्या शाळेत ही गोष्ट आम्हाला ‘जिवंत पाणी’ म्हणून शिकवली होती, आत्म्याची तहान वगैरे. आजीच्या सांगण्यात आत्मा नंतर यायचा, आधी विहीर यायची. ती विहीर आमच्या गावचीच होती, पाटलाच्या मळ्याकडे जाणारी, जिच्या कठड्याला हात लावायची आजीच्या लहानपणी तिच्या आईला मुभा नव्हती. वरच्या आळीतली बाई वरून ओंजळीत पाणी सोडेल तेव्हा. आणि अशा विहिरीवर तो उंच जातीचा माणूस बसलाय आणि बाईकडे पाणी मागतोय. ‘तिच्या हातचं. तिच्या भांड्यातलं,’ आजी दर वेळी दोनदा सांगायची.

मी मोठेपणी तो अध्याय नीट वाचला. येशू पाणी प्यायला की नाही हे त्यात कुठे लिहिलेलंच नाही! बोलणं लांबतं, शिष्य येतात, बाई घागर तिथंच ठेवून गावात पळते. मी आजीला जाऊन सांगितलं. ती तेव्हा ऐंशीच्या घरात असेल. म्हणाली, ‘मग घागर कशाला ठिवून गेली ती? त्याला प्याया नको?’

माझ्या विश्वासाचा पाया जर कुठे दाखवायचा झाला तर मी तिथे बोट ठेवीन. पण ते कळायला मला नगर सोडून पुण्याला यावं लागलं.

नोकरी लागली, वर्किंग विमेन्स हॉस्टेलमध्ये खोली मिळाली आणि एका मैत्रिणीबरोबर मी एका फेलोशिपला, म्हणजे नव्या धर्तीच्या प्रार्थनासभेला, जायला लागले. भाड्याचा हॉल, कीबोर्ड, ड्रम, डोळे मिटून वर केलेले हात. आमच्या गावच्या मंडळीत (चर्चच्या सभासदांना आम्ही मंडळी म्हणतो) ढोलकी आणि टाळ होते पण हात कुणी वर करत नसे. फार झालं तर एखादा म्हातारा ‘आमेन’ जरा मोठ्याने म्हणायचा आणि बाकीचे वळून बघायचे. इथे सगळंच मोकळं. मला आवडलं. तिथे पहिल्यांदा मी ते वाक्य ऐकलं जे मग शेकडो वेळा ऐकणार होते: तुझी ओळख ख्रिस्तात आहे. तू कोणाची मुलगी, कुठल्या गावची, कुठल्या घराण्यातली हे सगळं जुनं झालं, आता तू नवी उत्पत्ती. ‘मूळचे कोण’ असं तिथे कुणीही विचारलं नाही. मला किती हलकं वाटलं असेल याची कल्पना ज्यांना तो प्रश्न कधी पडला नाही त्यांना येणार नाही.

अडचण साक्षीची व्हायची. दर रविवारी दोघं-तिघं उठून साक्ष द्यायचे. मी अमुक होतो, अंधारात होतो, अमुक तारखेला प्रभूने मला भेट दिली. माझ्याकडे तारीखच नव्हती. मी तान्ही असताना पाळकसाहेबांनी डोक्यावर पाणी घातलं, सोळाव्या वर्षी दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास आपल्या तोंडाने कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गात प्रश्नोत्तरं घोकून पास झाले, यात साक्ष काय देणार? ‘तुझा नवा जन्म कधी झाला?’ असं तिथल्या एका ताईंनी मायेने विचारलं तेव्हा मी परीक्षेत कोरी उत्तरपत्रिका दिल्यासारखी बसून राहिले.

आणि मग एका रविवारी एक मुलगी उभी राहिली. माझ्याच वयाची, फार गोड बोलायची. तिने सुरुवातच केली, मी एका कर्मठ ब्राह्मण कुटुंबातून आले. हॉलभर ‘आमेन’ घुमलं. तिने खरोखर खूप सोसलं होतं. तिच्याविषयी मला आजही आदर आहे. पण त्या आमेनने मी खाडकन जागी झाले. त्या हॉलमध्ये निम्म्याहून जास्त लोक आमच्यासारखे होते, मराठवाड्यातले, नगरचे, सोलापूरकडचे. एकानेही कधी उभं राहून ‘मी महाराचा’ किंवा ‘मी मांगाचा’ अशी सुरुवात केलेली मला आठवत नाही. ‘जुनं होऊन गेलं’ हे सगळ्यांना सारखंच लागू होतं म्हणावं, तर तिचं जुनं साक्षीत शोभून दिसत होतं आणि आमचं झाकायचं होतं.

बायबलात ज्याची पत्रं आहेत त्या पौलाचंही तसंच आहे, असं मला त्या काळात वाटायला लागलं. फिलिप्पैकरांच्या पत्रात तो आपली कुळी सांगतो. बन्यामिनाच्या वंशातला, इब्र्यांचा इब्री, परूशी. आणि मग म्हणतो, हे सगळं मी ख्रिस्तापुढे केरकचरा समजतो. वाचताना मनात यायचं, पौला, तुझ्याकडे टाकून द्यायला बरंच होतं रे. ज्याच्या पदरात लोकांनीच कचरा टाकला त्याने काय टाकायचं?

मी फेलोशिपला जाणं हळूहळू कमी केलं. भांडण नाही, काही नाही. पुण्यातल्याच एका जुन्या मराठी मंडळीत जायला लागले, जिथे पंखे आवाज करतात आणि प्रवचन चाळीस मिनिटांच्या खाली संपत नाही.

कागदाची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण आमच्यात कुणाशीही ओळखीविषयी बोला, पाचव्या मिनिटाला कागद येतोच. १९५० साली राष्ट्रपतींचा जो आदेश निघाला त्यात असं होतं की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा धरायचं नाही. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. २०२२ साली केंद्राने या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आमच्या एकाच भावकीत पणजोबांच्या थोरल्या भावाची शाखा ख्रिस्ती झाली नव्हती, ती बाबासाहेबांबरोबर बौद्ध झाली. चौदा एप्रिलला आम्ही त्यांच्याकडे जेवायला, पंचवीस डिसेंबरला ते आमच्याकडे करंज्या-चकल्यांना. गावाच्या लेखी दोन्ही घरं तीच आणि तिथलीच. सरकारच्या लेखी मात्र चर्चच्या पायरीवर आमची जात गळून पडलेली. गावाला ही बातमी कुणी कळवली नाही, एवढंच.

पप्पांच्या दाखल्यावर ख्रिश्चन लिहिलेलं. थोरल्या काकांच्या दाखल्यावर हिंदू महार. एकाच आईची लेकरं, एकाच गुरुजींनी नावं घातलेली. काकांनी दाखला तसाच ठेवला, त्यावर शिकले, सरकारी नोकरी मिळवली. पप्पा एका खाजगी शाळेत मास्तर राहिले. काका चर्चमध्ये फक्त नाताळला यायचे आणि मागच्या बाकावर दारापाशी बसायचे, उपासना संपायच्या आत मोटरसायकलला किक. पप्पा त्यावर बोलत नसत पण त्यांचं न बोलणं घरभर ऐकू यायचं. लहानपणी मला पप्पा शूर आणि काका भित्रे वाटायचे. आज तसं वाटत नाही. काकांच्या त्या पगारातून तीन घरांची शिक्षणं झाली, त्यात आमचंही एक घर होतं, आणि पप्पांनी ते पैसे घेतले होते.

काका वारले तेव्हा पेच पडला. मातीची जागा द्यायची तर माणूस मंडळीचा सभासद हवा, आणि काकांचं नाव सभासदांच्या यादीत नव्हतं. एक-दोघांनी हळूच सुचवलं, कागदोपत्री हिंदू आहेत, अग्नी द्या ना. पप्पा उठले, जुन्या मंडळीकडे गेले आणि दुपारपर्यंत बाप्तिस्म्याच्या वहीतली नोंद उतरवून घेऊन आले. कमिटीसमोर कागद ठेवला आणि म्हणाले, ‘बाप्तिस्मा एकदाच होतो. तहसीलदाराच्या कागदाने तो पुसत नाही.’ काकांची माती आजोबांच्या शेजारी झाली. पप्पांना मी रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मला वाटतं विश्वासातली ओळख म्हणजे काय याचा पहिला धडा मला तिथे मिळाला, आणि तो फेलोशिपमधल्या शिकवणीच्या नेमका उलटा होता. काकांनी स्वतःची ओळख काय सांगितली, काय लपवली, कुठल्या रकान्यात काय लिहिलं, यावर काहीच अडलं नव्हतं. तान्ह्या पोराच्या डोक्यावर कुणीतरी पाणी घालून नाव घेतलं होतं. त्या पोराला त्यातलं काही कळतही नव्हतं. तरी ते मोजलं गेलं. माझ्याजवळ तारीख नसल्याची खंत त्यानंतर गेली.

दुसरी गोष्ट प्रभुभोजनाची, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घेण्याची. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं आणि गावी त्याची तयारी आईकडे असायची. शनिवारी दुपारी काळ्या मनुका धुऊन पातेल्यात भिजत घालायच्या, संध्याकाळी एक उकळी आणायची, निवल्या की हाताने कुस्करायच्या आणि मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायच्या. फडकं त्याच कामाचं, वेगळं ठेवलेलं, जांभळं पडलेलं. रविवारी पहाटे स्लाइस ब्रेडच्या कडा सुरीने काढायच्या आणि मधल्या भागाचे बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे करायचे. कडा आम्हा पोरांच्या. त्यावरून आमची मारामारी व्हायची, आणि पोटात अर्धा पाव गेलेल्या अवस्थेत आम्ही उपासनेला पोचायचो.

काचेचे बारके प्याले असत, गोल तबकात भोकांमध्ये बसवलेले. आजी म्हणायची, तिच्या सासूच्या वेळी हे नव्हतं. एकच प्याला होता आणि तो ओळीने फिरायचा. आमच्या मंडळीत महारवाड्यातली घरं आणि मांगवाड्यातली घरं दोन्ही होती. प्याला आधी महारवाड्याकडच्या बाजूने फिरायचा, मग दुसऱ्या बाजूला जायचा. कुणी ठरवलं नव्हतं, पण तसं होतं. एका रविवारी नव्याने आलेल्या पाळकसाहेबांनी प्याला दुसऱ्या बाजूने सुरू केला. आमच्याकडची काही माणसं उठून गेली. त्यात पणजोबाही होते. होय, तेच, मार खाल्लेले. काही महिने ते प्रभुभोजनाला बसले नाहीत. मग एका रविवारी बसले, मुकाट, आणि प्याला आला तेव्हा प्यायले. का, ते कुणाला सांगितलं नाही. त्यांचं मोठ्याने वाचन त्या महिन्यांत कुठल्या पानावर होतं हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

‘मंग ते बारके कप आले,’ आजी म्हणायची, ‘अन् भांडणच मिटलं.’ आणि तोंडाला पदर लावून हसायची.

हे सगळं मला पुरतं उलगडलं ते माझ्या लग्नात. नवरा पुण्यातल्याच मंडळीच्या क्वायरमध्ये टेनर गायचा. शेवगावकडचा, चांगल्या घरातला, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. घरी सांगितलं तेव्हा पप्पांनी शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. आत्यांनी विचारलं, ‘मूळचे कोण?’ तोच प्रश्न, तोच आवाज, तीच मधली जराशी थांबणूक. फरक इतकाच की या वेळी तो आमच्याच ओट्यावरून आला होता. तो मूळचा मांगाचा. आत्या म्हणाल्या, आपल्यात बसत नाही. पप्पा गप्प. मी तोंड उघडणार इतक्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाचे होते. म्हणाली, ‘वन्सं, पहिल्या रविवारी एका तबकातलं चालतं ना आपल्याला? मग सोमवारी काय होतं?’

लग्न झालं. आत्या आल्या, आहेर केला, जेवल्याही. पुढे बरीच वर्षं आमच्या घरी आल्या की दारातच सांगायच्या, चहा घेऊनच आलेय हो. त्यांच्याविषयी कडू बोलत नाही मी. पणजोबांनाही काही महिने लागले होते.

पौलाशी माझं मिटलं ते याच काळात. प्रभुभोजनाच्या वेळी पाळक करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय वाचतात, ‘ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आलं’ तिथपासून, म्हणजे तेविसाव्या ओवीपासून. मी एकदा सहज वर गेले, सतराव्यापासून वाचलं. तिथे पौल अक्षरशः झाडतोय करिंथच्या लोकांना. तुम्ही एकत्र जमता त्याने तुमचं भलं होत नाही, वाईटच होतं. एक जण भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन झिंगतो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता. म्हणजे भाकर आणि प्याल्याविषयीचे ते गंभीर शब्द ज्या भांडणावर लिहिले गेले ते पंगतीचं भांडण होतं, कोण आधी जेवतो आणि कोण मागे राहतो याचं! आणि दरवर्षी बारा वेळा आम्ही तेवढं सोडून पुढचं वाचत होतो.

मला पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीवर, घेतलं त्या वर्षी मी पाळकसाहेबांना म्हटलं, एकदा सतरापासून वाचूया का. ते चांगले आहेत, वाचलं. उपासनेनंतर एक वडीलधारे गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘आज वाचन जरा लांबलं.’ बाकी कुणी काही म्हणालं नाही. त्या दिवशी तबक घेऊन बाकांमधून फिरताना मी प्रत्येक हात बघत होते. मेंदी उतरत चाललेला, निकोटिनने पिवळा पडलेला, संधिवाताने वाकडा. कुणाचं मूळ काय ते मला बहुतेकांचं ठाऊक होतं. लग्नं जुळवताना सगळंच कळतं. त्यातलं काहीही विसरायची मला गरज वाटली नाही. शोमरोनी बाईला त्याने तिचं सगळं सांगितलं होतं, नवऱ्यांची संख्यासुद्धा, आणि पाणी त्याआधीच मागून ठेवलं होतं.

म्हणून आता कुणी ‘मूळचे कोण’ विचारलं की मी सांगून टाकते. महार. सासर मांगाचं. पुढचा प्रश्न सहसा येत नाही, आणि आला तर आपण बसून बोलू, मला वेळ असतो. सांगताना आवाज खाली येत नाही, आणि वर चढवायचीही गरज पडत नाही. हे मला कुठल्या पुस्तकाने दिलं नाही. चळवळीने दिलं असतं, माझ्या बौद्ध चुलतभावांना तिने दिलं आणि त्यांचं मला कौतुक आहे. मला ते त्या तबकापाशी मिळालं, ज्या तबकापाशी माझ्याच पणजोबांना रुसून जावंसं वाटलं होतं.

आता आमच्या घरातला ताजा विषय. लेक सतरा वर्षांची आहे. यंदा तिचं दृढीकरण व्हायचं होतं. वर्गाला तीन रविवार गेली आणि म्हणाली, मम्मी, मला एवढ्यात नाही करायचं. का, तर म्हणे, तू सांगतेस त्या सगळ्या गोष्टी आजीच्या आजीच्या आहेत. मला त्या आवडतात, पण म्हणून मला विश्वास आहे असं मी कशी म्हणू? नवऱ्याला जरा लागलं. माझ्या आईला फोन केला तर ती म्हणाली, बरोबर बोलतेय पोरगी, घाई कशाची. मी पाळकसाहेबांशी बोलले. त्यांनी तिच्याशी बोलायचं म्हटलं तर ती आनंदाने गेली, तासभर त्यांचं डोकं खाल्लं, बायबलातल्या ईयोबाच्या परीक्षेपायी मेलेल्या त्याच्या पोरांचं काय चुकलं होतं म्हणून विचारलं, आणि तिच्या मते त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. यादीतून तिचं नाव काढलंय. क्वायरमध्ये मात्र ती दर रविवारी कीबोर्ड वाजवते, आणि टिळकांच्या भजनांना आधुनिक कॉर्ड लावते म्हणून पप्पा तिच्यावर रागावलेले आहेत.